'अन्' म्हणजे 'आणि' न्हाई

"अनट्रेन्ड. अनऑथराइज्ड. बोला बाई, काय अर्थ होतो याचा?"

चौकशी अधिकाऱ्यानं कागद माझ्या तोंडापुढं धरला होता. बाहेरून आणलेला वकील. कंपनीनंच आणलेला. एसीची थंड हवा सरळ माझ्या डोक्यावर येत होती. खोलीत सात-आठ माणसं. टेबलाच्या पलीकडं सुमन. उजव्या हाताला कोपरापर्यंत पांढरं बँडेज. बाजूला तिचा नवरा.

कागदाच्या खाली माझी सही होती. मराठीत. गोल गोल अक्षरातली.

"सही तुमचीच ना?"

"हो."

"मग वरचं काय आहे ते सांगा. तुमचाच जबाब आहे."

वकिलानं थोडा वेळ वाट बघितली. मंग त्यानं मराठीत अर्थ सांगितला. सावकाश. सुमनकडं बघत.

"सुमन हिला मशीनचं प्रशिक्षण नव्हतं. तिला मशीनला हात लावायची परवानगी नव्हती. ती बेजबाबदार होती. सूचना पाळत नव्हती. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे."

"हे मी म्हणलं न्हाई," मी बोलले.

माझ्या बाजूला एचआरचे साहेब बसल्ते. प्रदीप सर. ते हसले. "सर, हिचं मनावर घेऊ नका. दहावीला इंग्रजीतच उडाली होती ही. यू एन, अन. दोन अक्षरं डोळ्यासमोर असून दिसत न्हाईत यांना."

खोली हसली. सुपरवायझर तर टेबलावर हात मारून हसला.

यांना. हिला म्हणले न्हाईत. यांना.

मी मान खाली घातली. तिथंच पुढं बोलायला पाहिजे होतं. ओरडायला पाहिजे होतं. न्हाई बोलले. माझ्याच अडाणीपणाची मला इतकी लाज वाटली, की समोर बसलेल्या बाईचा हात मला दिसेना.

सुमन उठली. डाव्या हातानं पदर सावरायला गेली, तो नीट सावरंना.

"परवापर्यंत माझ्या डब्यातलं खात होतीस गं तू," ती म्हणली.

एवढंच. अन् गेली.

प्रदीप सर म्हणजे आमच्या गावचे प्रदीपदादा. गाव वाटूरच्या पुढं, फाट्यावरून आत. त्यांचं घर गावात मोठं, जमीन लई. माझी माय त्यांच्या रानात निंदायला, कापूस वेचायला जायची. त्यांच्या पडवीत आमच्यासाठी एक कप होता. कान तुटलेला. कोनाड्यात वेगळा ठेवलेला. चहा वरून ओतायचे. मायनं प्यायचा, धुवायचा, परत कोनाड्यात ठेवायचा. माय निमूट ठेवायची. मी तिच्या लुगड्याला धरून बघायची.

दादा अन् मी एका वर्गात. वय एक, वर्ग एक, तरी मी त्यांना दादा म्हणायची अन् ते मला अगं म्हणायचे. मायनंच तसं शिकवल्तं. त्यांच्या विज्ञानाच्या वहीतल्या सगळ्या आकृत्या मी काढून दिल्या. हृदय, डोळा, फूल. माझा हात चांगला होता. दहावीला ते पास झाले, मी इंग्रजीत गेले. ते कॉलेजला गेले. मी लग्न होऊन जालन्याला आले. नवरा लोखंडाच्या मिलमध्ये लागला.

दहा-बारा वर्षांनी एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कंपनीच्या गेटवर दादा भेटले. शर्ट इन केलेला, गळ्यात कार्ड. त्यांनीच ओळख दिली. "आपण एका गावचे," म्हणले. दुसऱ्या दिवशी मला कामावर लावून दिलं. ठेकेदाराच्या यादीत का होईना, पण लावलं. मी मायला फोन करून सांगितलं. माय रडली. म्हणली, "मोठ्या मनाचं लेकरू हाय."

मी बी तसंच समजत होते.

कंपनीत बियाणं यायचं, चाळायचं, त्याला औषधाचा रंग लावायचा, पिशव्या भरायच्या. दिवसभरात आमचे हात गुलाबी होऊन जायचे. साबणानं बी निघायचे न्हाईत. मला काम सुमननं शिकवलं. ती तिथं चार वर्षांपासून मशीनच्या पट्ट्यावर होती. पट्टा सुरू कसा करायचा, बंद कसा करायचा, आवाज बदलला की काय समजायचं, सगळं तिला माहिती. नव्या बाया आल्या की सुपरवायझरच म्हणायचा, "सुमनकडं जा, ती शिकवील." जाफराबादकडची. बोलायला फटकळ. डब्यात ठेचा आणायची, अर्धा माझ्या भाकरीवर ठेवायची. विचारायची न्हाई, ठेवायची.

पट्ट्याच्या रोलरवर एक लोखंडी जाळी असते. हात आत जाऊ न्हाई म्हणून. ती जाळी महिनाभरापासून काढून भिंतीला टेकवून ठेवल्ती. सारखी काढाघाल करावी लागते, काम थांबतं, म्हणून. त्या दिवशी रोलरमध्ये पिशवीचा दोरा गुंतला. सुमन बटणाकडं गेली. सुपरवायझर ओरडला, "बंद करू नको! गाडी भरायची हाय. हातानं ओढ जल्दी."

मी चार हात लांब होते. मी ऐकलं. मी बघितलं.

तिनं ओढला. दोरा निघाला न्हाई. हात गेला.

तीन बोटं. उजव्या हाताची. पट्टा मी बंद केला. बंद करायचा कसा, ते तिनंच शिकवल्तं.

तिसऱ्या दिवशी दादांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी दारात उभी राह्यले. ते म्हणले, "आत ये गं. बस." मी खुर्चीच्या टोकाला बसले. त्यांनी चहा मागवला. दोन कप आले. पांढरे, निळ्या काठाचे. दोन्ही सारखे. एक त्यांनी घेतला, एक माझ्यापुढं सरकवला.

हे मला लिहायला लाज वाटून राह्यली, पण लिहिते. त्या कपाकडं बघून माझे डोळे भरून आले. मला वाटलं, मायचा कोनाडा संपला. मला वाटलं, शिकलं-सवरलं की माणूस असा होतो.

"सुमनच्या भल्यासाठी कागद करून राह्यलो," दादा म्हणले. "तू बघितलंस ना सगळं? मंग तुझा जबाब लागतो. कंपनीचं काम इंग्रजीत चालतं. मी वाचून दाखवतो, तू सही कर."

त्यांनी भराभर वाचलं. मी कान देऊन ऐकलं. सगळं समजत नव्हतं. पण मधले मधले शब्द ओळखीचे निघाले. सुमनचं नाव आलं. मंग 'अनट्रेन्ड' आलं. 'अनऑथराइज्ड' आलं.

मला कसं ऐकू आलं सांगू? अन् ट्रेन्ड. अन् ऑथराइज्ड.

आमच्याकडं अन् म्हणजे आणि. भाकर अन् ठेचा. सुमन अन् मी. कंपनीत सगळेच अर्धं मराठी अर्धं इंग्रजी बोलतात. ट्रेन्ड म्हणजे शिकवून तयार केलेली, हे मला माहिती होतं. ऑथराइज्ड तर गेटच्या पाटीवरच होतं, परवानगी असलेला माणूस. मला वाटलं, दादा लिहून राह्यले की सुमन शिकलेली होती अन् तिला परवानगी होती. पुढं रिस्पॉन्सिबल ऐकलं. त्याच्या आधी काहीतरी 'इर' असं आलं, ते मी सोडून दिलं.

"बराबर हाय ना?" दादांनी विचारलं.

"बराबर हाय दादा. लई चांगलं लिहिलं तुम्ही."

ते माझ्याकडं बघत राह्यले. एक क्षण. त्यांना तिथं समजलं होतं की मला उलटं समजलंय. एका वर्गात होतो आम्ही. माझं इंग्रजी किती, हे त्यांच्याएवढं कुणालाच माहिती न्हाई. त्यांनी पेनचं टोपण काढलं अन् पेन माझ्या हातात दिलं.

मी सही केली. मंग चहा प्यायले. आनंदानं प्यायले.

चौकशीच्या दुसऱ्या दिवशी मी सुमनच्या घरी गेले. तिच्या नवऱ्यानं दार अर्धं उघडलं. मी म्हणलं, "भाऊजी, मला फसवलं. मला वाटलं…" त्यानं पुढं बोलू दिलं न्हाई. आत गेला, जबाबाची झेरॉक्स आणली अन् माझ्या अंगावर फेकली.

"घे. वाच तुझं लिखाण."

दार लागलं. आतून सुमनचा आवाज आला न्हाई. ती घरात होती. तिच्या चपला बाहेर होत्या.

कागद उचलला. घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला. घरी गेले न्हाई. सरळ कचेरीकडं गेले. तिथं बाहेर लिंबाखाली टायपिंगवाले बसतात. त्यातल्या एक शबाना आपा. साठीला आलेल्या. आधी टाइपरायटर होता, आता पत्र्याच्या टपरीत कॉम्प्युटर. रेशनकार्डाचा अर्ज मी त्यांच्याकडूनच करून घेतल्ता.

"आपा, हे वाचा. जसं हाय तसं सांगा."

त्यांनी वाचलं. चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "तूने दिया ये बयान?"

मी सगळं सांगितलं. 'अन्'चं बी सांगितलं. मला वाटलं आता ह्या बी हसतील. त्या हसल्या न्हाईत. पाण्याची बाटली पुढं केली.

"पैले पानी पी. अब सुन. ये तुमारा 'अन्' नै बेटी. ये अंग्रेजी का 'अन' हे. इसका मानी आणि नै. इसका मानी ना. जैसा अपने में नापास, नालायक. बेइमान. गैरहजर. आगे लगा, के पूरा लफ्ज उलटा."

मी झेरॉक्सवर बोट ठेवलं. "ट्रेन्ड म्हणजे शिकलेली. अनट्रेन्ड?"

"न शिकेली."

"अन् हे? इररिस्पॉन्सिबल?"

"बेजबाबदार. कबी 'अन' रहता, कबी 'इन', कबी 'इर', कबी 'डिस'. आदमी वोइच, टोपी बदलता."

मी तिथं बसून राह्यले. शिकलेली. न शिकेली. जिनं मला शिकवलं, तिला मी न शिकेली म्हणल्ते. दोन अक्षरं. एवढ्याशा दोन अक्षरांनी चार वर्षांची कारागीर बाई चोरून मशीनला हात लावणारी झाली.

अन् तिथंच एक डोक्यात आलं. हे आमच्यासाठी नवं कुठं हाय? आमच्या आज्याच्या पणज्याच्या नावापुढं बी असंच एक अक्षर लावल्तं. 'स्पृश्य'च्या आधी 'अ'. एकच अक्षर. त्यानं सगळं गाव एकीकडं गेलं, आम्ही एकीकडं. ज्यांनी लावलं त्यांनी आम्हाला वाचून दाखवलं असेल का? सही घेतली असेल का? मला निदान चहा मिळाला.

त्या दिवसापासून मी आपाकडं जायला लागले. कामावरून सुटलं की टेम्पोतून आधीच उतरायचं, अर्धा तास बसायचं, मंग घरी. आपानं एक जुनी वही दिली. मी शब्द जमवायला लागले. पिशव्यांवरून, नोटिसीवरून, औषधाच्या डब्यांवरून. अनसेफ. इनकंप्लीट. डिसमिस लिहिलं तर आपा म्हणल्या, "ये उलटा नै, ये सीधा नोकरी से निकालना." मी 'अंडर' लिहून आणलं अन् विचारलं, डर म्हणजे काय? आपा तेव्हा हसल्या. मी बी हसले. लई दिवसांनी.

एकदा मी ऐटीत गेले. रंगाच्या गोदामातल्या डब्यावर एक शब्द होता, इनफ्लेमेबल. मी अर्थ स्वतःच लावल्ता. "आपा, म्हणजे न पेटणारं."

आपानं चष्मा काढला. "नै बेटी. ये पेटता. भोत जल्दी पेटता. तुमारे वाँ कोई बिडी तो नै पीता?"

पीत होते. हमाल प्यायचे, त्याच डब्यांना टेकून. दुसऱ्या दिवशी मी खडू घेतला अन् प्रत्येक डब्यावर मराठीत लिहिलं: पेटतं. सुपरवायझरनं विचारलं कुणी लिहिलं. मी म्हणलं, मी. त्यानं माझ्याकडं बघितलं, पण पुसलं न्हाई.

नवरा म्हणायचा, "कशाला जाती तिथं? झालं ते झालं. नोकरी जाईल." मी त्याला म्हणलं, "सुमनच्या जागी मी असते तर?" त्यानं ताट पुढं सरकवलं. मंग म्हणला, "जेवून घे." तो वाईट न्हाई. भ्यालेला हाय.

महिना-दीड महिन्यानं दादांनी परत बोलावलं. परत केबिन, परत दोन कप.

"माय बरी हाय ना?"

"बरी हाय."

"अगं, ते सुमनचं प्रकरण लांबून राह्यलं. तिच्या नवऱ्यानं सरकारी कामगार ऑफिसात अर्ज केलाय. तू चौकशीत 'मी म्हणलं न्हाई' असं बोलून बसलीस, आता ते तुलाच गुंतवून राह्यले. म्हणून तुझ्या बचावासाठी एक कागद केला. सही करून टाक."

कागद इंग्रजी. मी तो ओढून घेतला अन् पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"वाचायची काय गरज? मी सांगतो ना."

"थांबा दादा."

मला वेळ लागला. लई वेळ लागला. ते पेन टेबलावर आपटत राह्यले. चहावर साय धरली.

"मिसअंडरस्टँडिंग," मी मोठ्यानं वाचलं. "म्हणजे गैरसमज. चौकशीत मी जे बोलले ते माझ्या गैरसमजातून बोलले, असं लिहिलंय. बराबर?"

त्यांनी पेन आपटायचं थांबवलं.

"हा शब्द मला येत न्हाई. इर्रिव्होकेबल. पण पुढं 'इर' लावलंय. म्हणजे कशाला तरी न्हाई म्हणलंय. कशाला, ते तुम्ही सांगा."

त्यांनी दाराकडं बघितलं.

"सांगा ना. तुमचं इंग्रजी चांगलं हाय."

"एकदा सही केली की मागं घेता येत न्हाई, असा अर्थ हाय," ते शेवटी म्हणले. आवाज बदलला होता. "लई शिकली गं तू. नोकरी कुणी दिली तुला?"

"तुम्ही."

"मंग?"

"मंग तिच्या बदल्यात मी सुमनचा हात द्यायचा का?"

ते उठले. खुर्ची मागं गेली. "तुम्हा लोकांना कितीबी जवळ करा…"

पुढचं बोलले न्हाईत. गरज नव्हती. पुढचं मला लहानपणापासून पाठ होतं. इथून पुढं मी त्याला तो म्हणणार.

मी त्याचंच पेन घेतलं. कागद पालथा केला. मराठीत लिहिलं. जाळी महिनाभर काढलेली होती. पट्टा बंद करू नको असं सुपरवायझरनं सांगितलं. सुमन चार वर्षांपासून ती मशीन चालवत होती अन् तिनंच मला शिकवलं. पहिल्या जबाबाचा अर्थ मला उलटा समजू दिला. खाली सही केली.

त्यानं कागद हिसकावला. दोनदा फाडला. "नमकहराम."

"फाडा," मी म्हणलं. "मला तोंडपाठ हाय."

दुसऱ्या दिवशी गेटवर वॉचमननं अडवलं. ठेकेदाराच्या यादीत माझं नाव नव्हतं. बाया खाली बघत माझ्या बाजूनं आत गेल्या. मी कुणाला दोष देत न्हाई. त्या खोलीत मी बी खालीच बघितल्तं.

मी तिथूनच कामगार ऑफिसात गेले. तिथल्या मॅडमनं मला तारीख दिली. त्या तारखेला सगळे होते. तो बी होता. वकील बी तोच.

मॅडमनं विचारलं, "आधी सही केलीत, आता नाही म्हणता. का?"

हे सांगणं सगळ्यात अवघड होतं. पंधरा माणसांसमोर सांगायचं होतं की मी अडाणी ठरले. मी सांगितलं. "मॅडम, मला इंग्रजी येत न्हाई. मला 'अन' माहिती नव्हतं. मला 'अन्' ऐकू आलं. वाचणाऱ्याला हे समजलं होतं अन् त्यानं मला थांबवलं न्हाई."

या वेळेला कुणी हसलं न्हाई. मॅडमनं मराठीत लिहून घेतलं. मी ते चार वेळा वाचलं. एका ठिकाणी चूक होती, ती दुरुस्त करायला लावली. मंग सही केली.

वकील उठला. "बाई, दोन जबाब झाले तुमचे. खोटा कोणता?"

"पहिला तुमचा हाय," मी म्हणलं. "हा माझा हाय."

बाहेर व्हरांड्यात सुमन उभी होती. बँडेज सुटलं होतं. मी पहिल्यांदा हात बघितला. मी जवळ गेले. वाटलं होतं ती काही म्हणेल.

"तवा का न्हाई बोललीस?" तिनं विचारलं. "त्या खोलीत. सगळे हसले तवा."

ती जिना उतरून गेली. तिनं मला माफ केलं न्हाई, अन् करावं असं मी तिला म्हणणार न्हाई. तिला अडकवणारा कागद त्यानं लिहिला, पण हसू झालं तेव्हा गप मी बसले. ते माझं हाय. ते मी दुसऱ्या कुणावर ढकलणार न्हाई.

निकाल लागलेला न्हाई. लागेल तेव्हा लागेल. माय फोनवर म्हणली, "गावात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस. त्यांच्या घरानं आपल्याला जगवलं." मी म्हणलं, "माय, त्यांच्या रानात तू राबली. कुणी कुणाला जगवलं ते नीट मोज." तिनं फोन ठेवला न्हाई.

मी प्रत्येक तारखेला जाणार. बोलावलं तरी, न बोलावलं तरी. सुमन बोलो, न बोलो. वकील मला उलटंसुलटं विचारील, शब्दांत पकडील, पुन्हा हसवील लोकांना. हसू दे. मी मान वर ठेवून उभी राहणार, अन् मॅडमनं विचारलं की हे कुणी केलं, तर साहेब म्हणणार न्हाई, दादा म्हणणार न्हाई, नुसतं नाव घेणार. त्याच्या तोंडाकडं बघून, त्याच्याकडं बोट करून म्हणणार: यानं.